कोच वेंझल यांचे दोन फटके

कोच वेंझल यांनी एकोणतीस वर्षं आमच्या कॉलेजात गोल्फ शिकवला, पण "वा, छान मारलास" असं ते कुणाला म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मुलानं चेंडू इथून उडवून पार तिकडे झेंड्याच्या पायाशी नेऊन ठेवावा, बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, मुलानं मोठ्या आशेनं वळून कोचकडे बघावं, आणि कोचनी टोपी मागे सारून विचारावं, "किती झाले?" म्हणजे या होलवर आतापर्यंत फटके किती झाले; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. मुलगा आकडा सांगायचा, कोच मान हलवायचे आणि पुढे चालू लागायचे. एवढंच कौतुक. गंमत म्हणजे मुलांना ते पुरायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. इलिनॉयमधलं, शिकागोपासून तीन तासांवरचं एक लहानसं गाव, त्यातलं त्याहून लहान कॉलेज, आणि त्यात केमिस्ट्री शिकवणारा मी. चहूबाजूंना मका. मराठी बोलायला घरात माझी बायको शैला आणि महिन्यातून एकदा शिकागोजवळच्या शॉमबर्गला गेलो की तिथली चार कुटुंबं. कोचबद्दल लिहावं असं फार वर्षं मनात होतं, पण ज्या एका बाईला ते कळलं तर त्रास झाला असता, ती हयात होती. तिला मराठी येत नव्हतं हे खरं, पण अशा गोष्टी कुठून कुठे जातील सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता सांगायला हरकत नाही.

कॉलेजच्या खेळाडूंचे मार्क तपासून कोण खेळू शकतो आणि कोण नाही, हे बघायला आमच्याकडे एक प्राध्यापक नेमत असत. त्या कामाला कुणी तयार नसायचं. नवा आलेला, नाही म्हणायला संकोचणारा एक भारतीय डीनसाहेबांना बरा सापडला. पहिल्याच सत्राच्या शेवटी कोच माझ्या खोलीत आले. सहा फुटांवर उंची, खांद्यात थोडेसे वाकलेले, मान उन्हानं विटेसारखी लाल झालेली, आणि खाकी टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली.

"डॉक, तुझ्या परीक्षेत माझ्या एका मुलाला सी मिळालाय," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, आलं! माझे वडील सांगलीला शाळामास्तर. निकालाच्या दिवसांत आमच्या ओट्यावर अशी माणसं येऊन बसायची, आधी हवापाण्याच्या गप्पा आणि मग हळूच चिरंजीवांचा विषय. मी चेहरा शक्य तितका कडक केला. "मार्क वाढवता येणार नाहीत."

"वाढवायचे नाहीत. तुझ्या असिस्टंटनं बेरीज चुकवलीये. तिसऱ्या पानावरचे सहा मार्क दोनदा धरलेत. त्याला डी हवा."

"डी दिला तर तो पुढच्या सीझनला खेळू शकणार नाही."

"हो."

"कसा खेळतो?"

"माझ्याकडचा सगळ्यात चांगला," कोच म्हणाले.

मी पेपर काढून बेरीज केली. डी होता. कोच थँक्यू म्हणून उठले आणि दार उघडलं, तर बाहेर तोच मुलगा भिंतीला टेकून उभा होता. चूक त्यालाच सापडली होती, पण आत येऊन सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून कोचनी ते काम आपल्याकडे घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे मार्क कमी करून मागायला आलं होतं. घरी जाऊन मी शैलाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमचं इंग्लिश अजून कच्चं आहे हो. नीट ऐकलं होतंत ना?"

त्यानंतर आमची मैत्री झाली, म्हणजे कोच जितपत मैत्री करायचे तितपत. ते माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. कॉलेजचं नऊ होलचं मैदान हेच त्यांचं घरदार. छोट्या कॉलेजला माळी परवडत नाही, त्यामुळे पहाटे मशीन घेऊन गवतही तेच कापायचे, आणि दिवसा पोरांना बॅडमिंटनही तेच शिकवायचे. सकाळी थर्मासमध्ये कॉफी भरून घ्यायचे आणि ती पार थंड झाल्यावर दुपारी प्यायचे. मग थर्मास कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी थर्मासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे मला आधी कुणी विचारलं नव्हतं." पण सवय बदलली नाही.

गाडी चालवण्याचं तर विचारूच नका. त्या काळी हायवेवर ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा होती आणि उभ्या अमेरिकेत ती पाळणारा मी पाहिलेला हा एकच माणूस. संघाला व्हॅनमध्ये घालून ते निघाले की मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे जायचे. मुलं लाजेनं सीटखाली सरकायची. कोचचा काटा पंचावन्नावर. एकदा मीही बरोबर होतो. म्हटलं, "कोच, पोलीससुद्धा आपल्याला ओव्हरटेक करून गेला." ते म्हणाले, "त्याला घाई असेल."

मला गोल्फ शिकवायचा त्यांनी एक प्रयत्न केला. पहिल्याच होलवर मी झुडपात गेलो, वाळूत गेलो, पुन्हा झुडपात गेलो आणि शेवटी कसाबसा चेंडू भोकात लोटला. कोचनी विचारलं, "किती झाले?" मी म्हटलं, "असतील सात-आठ." वळले आणि आलो त्या वाटेनं मला परत घेऊन निघाले. "इथे एक. इथे दोन. या झुडपात तू दोनदा मारलास." असं करत करत सुरुवातीपर्यंत पोचलो. अकरा भरले. मला हसू येत होतं, पण ते हसत नव्हते. म्हणाले, "डॉक, या खेळात अंपायर नसतो. चेंडू मारायला उभा राहिलास आणि तो नुसता तुझ्यामुळे हलला, तरी एक फटका वाढतो. कुणी बघितलं नसलं तरी. तो तुझा तूच सांगायचा. शेवटी कार्डावर आकडे लिहून सही करायची. आकडा कमी लिहून सही केलीस की तू बाद. या खेळात मला शिकवण्यासारखं एवढंच दिसतं, बाकीचं मुलं आपलं आपण शिकतात."

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. शैला नागपूरची. पाहुण्यानं "नको" म्हटलं की वाढायला सुरुवात करायची, अशी तिच्या माहेरची रीत. पुऱ्या झाल्या, श्रीखंड झालं. कोच म्हणाले, "नो, थँक्यू," शैलानं आणखी वाढलं. त्यांनी ते संपवलं, पुन्हा "नो, थँक्यू," पुन्हा वाढलं. पानात पडलेलं टाकायचं नाही असा त्यांचा बाणा, त्यामुळे त्यांनी मुकाट्यानं चार वाट्या श्रीखंड खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी बॅडमिंटनचा तास रद्द केला. आमची मीनल तेव्हा सात वर्षांची. ती आईला म्हणाली, "आई, कोचकाका सेड नो! ही मेन्ट नो!" शैला म्हणाली, "अगं, नको असं सगळेच म्हणतात." मीसुद्धा शैलाच्याच बाजूचा होतो. ही गोष्ट शॉमबर्गला सांगून आम्ही किती जणांना हसवलं असेल.

आता डोरिसबद्दल सांगायला हवं. डोरिस लिंडल आमच्या कॉलेजच्या कॅफेटेरियात वाढायला असायची. बुटकी, गोल चेहऱ्याची, केसांवर जाळी. मी मांसाहारी नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी रोज चीज सँडविच भाजून वेगळं झाकून ठेवायला लागली. नवरा सोडून गेलेला. एकुलता एक मुलगा टिम कोचच्या संघात खेळायचा. मी तिथे यायच्या बऱ्याच आधी संघानं आसपासच्या कॉलेजांच्या लीगचं विजेतेपद जिंकलं, त्यात हा टिम होता, आणि त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला बर्फावरून गाडी घसरून तो गेला. एकवीस वर्षांचा होता. त्या विजेतेपदाचं पदक डोरिसच्या बैठकीच्या खोलीत, निळ्या डबीत, टिमच्या फोटोपुढे उघडून ठेवलेलं असे. मी आणि शैला एकदा तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं ते शैलाच्या तळहातावर ठेवून दाखवलं होतं.

राज्यातल्या छोट्या कॉलेजांच्या गोल्फ प्रशिक्षकांची एक संघटना होती. दरवर्षी एका ज्येष्ठ प्रशिक्षकाला ती सन्मानाच्या यादीत घ्यायची. कोचच्या बरोबरीचे, त्यांच्याहून कमी काम केलेले सगळे त्या यादीत जाऊन बसले होते, कारण त्यांचे अर्ज कुणीतरी भरले होते. मला हे कळलं आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. जुने रेकॉर्ड काढले, वर्षवार याद्या केल्या. लीगची विजेतेपदं अकरा. छानसा टाइप केलेला अर्ज घेऊन मी मैदानावर गेलो. कोचनी चष्मा लावून तो सगळा वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग कागद घडी करून त्यांनी मला परत दिला.

"नको पाठवू, डॉक."

"का?"

"नको म्हणून."

मी काय समजलो हे सांगायची मला आजही लाज वाटते. आमच्याकडे सत्काराला पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हलका समजतात. दोनदा नको म्हणायचं, लोकांनी आग्रह करायचा, मग नाइलाजानं शाल घ्यायची. मला वाटलं, कोच मोठा माणूस आहे, तो नकोच म्हणणार, आग्रह आपण करायचा. त्याच दुपारी मी अर्ज पोस्टात टाकला.

निवड झाली. कॉलेजनं मोठी बातमी केली. अध्यक्षांच्या डोक्यात कल्पना आली की सत्काराच्या जेवणाला जुन्या विजेत्या संघांना बोलवावं, पदकं मांडावीत, आणि टिमच्या वतीनं डोरिसनं मंचावर यावं. डोरिसनं त्यासाठी फिकट निळा ड्रेस शिवायला घेतला. रोज सँडविच देताना मला विचारायची, "प्रोफेसर, तिथे बोलायला लागेल का? मला नुसतं रडू येईल."

त्या आठवड्यात एका दुपारी कोच माझ्या लॅबमध्ये आले. एरवी ते दारात उभं राहून बोलायचे, त्या दिवशी स्टूल ओढून बसले. मी उत्साहानं अभिनंदन वगैरे सुरू केलं. त्यांनी ते संपू दिलं.

मग म्हणाले, "टिमचं वर्ष आमचं नाही."

त्या स्पर्धेच्या दिवशी सोळाव्या होलवर टिमचा चेंडू झाडांमध्ये गेला होता. पाइनच्या वाळक्या पानांवर पडला होता. कोच पंधरा पावलांवर, एका खोडाआड उभे होते. मुलांना आपण दिसलो की ती बिचकतात, म्हणून ते तसेच उभे राहायचे. टिमनं चेंडूमागे क्लब, म्हणजे गोल्फची काठी, टेकवला आणि चेंडू हलला. जागेवरून सरकून अर्धा फिरला. टिम थांबला. त्यानं मान वर करून आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं चेंडू मारला.

"पुढचं मला बघवलं नाही," कोच म्हणाले. "मी तिथूनच माघारी फिरून क्लबहाउसमध्ये येऊन बसलो. म्हटलं, सही करताना सांगेल. चार वर्षं हेच शिकवलं होतं मी त्याला. तो माझ्यासमोर बसला. एकेक आकडा वाचून दाखवला आणि सही केली. आम्ही एका फटक्यानं जिंकलो. खरा आकडा लिहिला असता तर बरोबरी झाली असती. आणि चुकीच्या कार्डावर सही म्हणजे तो बाद, म्हणजे आम्ही हरलोच."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"त्याला एक दिवस द्यावा असं वाटलं. आपण होऊन येईल. मग दोन दिवस झाले, मग पेपरात फोटो आला, मग महिना झाला. एका शुक्रवारी तो माझ्या ऑफिसच्या दारात आला. म्हणाला, 'कोच, एक मिनिट आहे का?' मी बॅडमिंटनच्या तासाला निघालो होतो. म्हटलं, सोमवारी ये." कोच टोपीची कड बोटांनी फिरवत होते. "शनिवारी बर्फ पडलं."

मी सुचलं ते बोललो, आणि ते बोलायला नको होतं. म्हटलं, "इतकी वर्षं झाली. आता कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय की," ते म्हणाले.

"मग मी पत्र पाठवतो. तुमचं नाव मागे घेतो. चूक माझीच आहे."

"लोक कारण विचारतील. डोरिस विचारेल." ते खिडकीकडे वळले. "मी रोज मुलांना सांगतो, तुमचा फटका तुम्ही सांगा. हा टिमचा होता, त्याला सांगता आला नाही. मी सांगितला तर तिचा मुलगा चोर ठरतो. नाही सांगितला तर मी तो आकडा घेऊन तिथे उभा राहणार."

एवढं बोलून ते उठले. काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही. शैलाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपण दोघांनी मिळून त्या माणसाला कुठे नेऊन बसवलं हो!"

सत्कार दुपारच्या जेवणाला होता. टेबलावर पदकं मांडलेली, डोरिस नव्या ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत, मांडीवर निळी डबी. ती तिनं टेबलावर ठेवू दिली नव्हती. स्तुतीची भाषणं झाली. कोच उठले. आभार मानले आणि म्हणाले की एक दुरुस्ती करायची आहे. त्यांनी टिमच्या वर्षाचा उल्लेख केला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"सतराव्या होलवर," कोच म्हणाले, "टिम लिंडल फटका मारायच्या तयारीत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि त्यानं न विचारता त्याला सांगितलं, हा क्लब घेऊ नकोस, लहान घे. आपल्या लीगचा तेव्हा नियम होता, खेळ चालू असताना कोचनं सल्ला द्यायचा नाही. टिमनं मला सांगितलं, 'कोच, बोलू नका.' आणि माझ्याकडे पाठ केली. त्यानं त्याच्या मनाचाच क्लब घेतला. पण मी बोलून चुकलो होतो. त्याचा दंड संघाला दोन फटके. आम्ही एका फटक्यानं जिंकलो होतो. मी ते कुणाला सांगितलं नाही. मुलांचा दोष नाही. विजेतेपदं दहा आहेत."

सतराव्या होलवर ते नव्हते. क्लबहाउसमध्ये बसले होते. त्या दालनात हे ठाऊक असलेला दुसरा माणूस मी होतो. मी त्यांना तोवर एक शब्दही खोटा बोलताना ऐकलं नव्हतं, आणि सांगतो, तयारी करून आलेले असूनही त्यांचा आवाज नीट लागत नव्हता. लोकांना तो पश्चात्ताप वाटला. आधी एक जण उभा राहिला, मग सगळे उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. अशा प्रामाणिकपणाचं दर्शन हल्ली दुर्मीळ, असं अध्यक्ष माइकवर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच छापून आलं. दहा विजेतेपदांचा सन्मान त्यांना मिळालाच, वर प्रामाणिकपणाचा मिळाला. कोच मान खाली घालून उभे होते. डोरिस एकटी बसून होती. तिनं डबी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

लीगनं रेकॉर्ड बदललं आणि त्या संघातल्या सगळ्यांना पदकं परत पाठवण्याची विनंती केली. मी कोचच्या ऑफिसात मार्कांची यादी घेऊन बसलो होतो तेव्हा डोरिस आली. जाळी केसांवर तशीच होती, कामावरून उठून आली होती. मी जायला उठलो, तर ती म्हणाली, "बसा प्रोफेसर, मला फक्त हे द्यायचंय." तिनं डबी टेबलावर ठेवली.

"डोरिस, चूक माझी होती," कोच म्हणाले. "टिमची नव्हती."

"मग तुमचं काहीतरी काढून घ्यायचं होतं त्यांनी," डोरिस म्हणाली. "माझ्या घरी जेवताना तो तुमच्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हता. कोच असं म्हणतात, कोच तसं म्हणतात. तुम्हाला सांगायचंच होतं तर तो असताना सांगायचं. ते पदक परत मिळवून आणलं असतं त्यानं. आता कोण आणणार?"

ती गेली. तिच्या चपट्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

"मी जाऊन तिला खरं सांगतो," मी म्हणालो.

कोचनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले मी त्यांना एवढ्या एकाच वेळी पाहिलं. "तू एकदा माझं 'नको' ऐकलं नाहीस, डॉक. हे ऐक."

मी ऐकलं. पुढे एकदा कॅफेटेरियात सँडविच देता देता डोरिसनंच मला विचारलं, "तुम्ही त्याचे मित्र. तुम्हाला हे आधी माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. ती मान हलवून पुढच्या माणसाला वाढायला लागली. माझं सँडविच तिनं शेवटपर्यंत बंद केलं नाही. मला ते गिळताना त्रास व्हायचा, पण पानात टाकायची हिंमत नव्हती.

वर्षभरात कोच निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही आणि या खेपेला आग्रह करायला मी गेलो नाही. मैदानाला त्यांचं नाव दिलं. तिथे ते नंतर फारसे दिसले नाहीत. आमच्याकडे यायचे अधूनमधून, मीनलला अपूर्णांक शिकवायचे. शैला त्यांना एकदाच विचारायची, "आणखी?" आणि ते नको म्हणाले की वाटी उचलून आत न्यायची. एकदा स्वयंपाकघरात जाऊन ती रडली. म्हणाली, "अहो, दोन घास जास्त खा म्हणायचीसुद्धा भीती वाटते मला आता."

त्यांना शेवटचं पाहिलं ते पोस्टात. जानेवारीचे दिवस, बाहेर वारं आणि भुरभुर बर्फ. मी काउंटरपाशी घरी पाठवायच्या पाकिटावर तिकिटं चिकटवत होतो. काचेतून पाहिलं तर कोच पायऱ्या चढून येत होते, बरेच वाकले होते. त्यांनी दार उघडलं, आणि आत यायच्या आधी मागून कुणी येतंय का हे बघायची सवय, म्हणून वळून पाहिलं. डोरिस येत होती, हातात पार्सल होतं. कोच बाजूला झाले आणि दार धरून उभे राहिले. एका हातानं त्यांनी टोपी काढली.

डोरिस खालच्या पायरीवर थांबली. तिनं वर पाहिलं. पार्सल दुसऱ्या हातात घेतलं आणि वळून गाडीकडे गेली. गाडीत बसून तिनं काच पुसली, पण गाडी सुरू केली नाही. ते जाईपर्यंत ती थांबणार होती.

कोच दार धरून उभेच होते. ती परत येईल असं त्यांना वाटलं असेल, किंवा लगेच सोडून देणं त्यांना बरं वाटलं नसेल. बर्फ आत येऊन फरशीवर वितळत होतं. मी दोन पावलं पुढे झालो आणि थांबलो. काय म्हणणार होतो मी? माझ्यामागून काउंटरवरची मुलगी ओरडली, "कोच, प्लीज, दार लावा ना! सगळी थंडी आत येतेय."

"सॉरी," कोच म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि दार बाहेरून लावून घेतलं.